डॉन कॉकेल : १९५५ सालच्या आव्हानवीरांच्या क्रमवारीतली त्याची जागा रास्त होती का?

धागाकर्ता

१६ मे १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या केझार स्टेडियमवर जगज्जेता रॉकी मार्सियानो आणि इंग्लंडचा डॉन कॉकेल यांच्यात हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या जगज्जेतेपदाची लढत झाली. नववी फेरी सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते तेव्हा पंचांनी ती थांबवली आणि मार्सियानोने पाचव्यांदा किताब राखला. तेव्हापासून कॉकेलचे नाव निघाले की दोनच गोष्टी सांगितल्या जातात: तो फार जाड होता आणि त्याने फार मार खाल्ला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांवरून पुढे असेही ठरवून टाकले जाते की त्या काळच्या क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास त्याला मिळालेली जागा ही निव्वळ मेहेरबानी होती, आणि हे मला मुळीच पटत नाही. केवळ निकालांच्या आधारे या प्रश्नाची एकदा नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी प्रश्नाची कक्षा ठरवून घेऊ. कॉकेल मार्सियानोला हरवू शकला असता का, हा प्रश्न येथे नाही. तो हरवू शकला नसता, आणि त्या चार वर्षांत दुसरे कोणीही हरवू शकले नाही. कॉकेल थोर मुष्टियोद्धा होता का, हाही प्रश्न नाही. १९५४ ची अखेर आणि १९५५ चा आरंभ या काळात जे हेवीवेट प्रत्यक्ष लढत होते, त्यांच्यात मागच्या दीड-दोन वर्षांच्या कामगिरीवरून त्याला वरच्या तीन जणांत बसवणे योग्य होते का, एवढाच प्रश्न आहे. 'द रिंग' मासिकाची वार्षिक क्रमवारी १९२५ पासून निघत होती, अमेरिकेतील नॅशनल बॉक्सिंग असोसिएशनची यादी निराळी असे, आणि दोन्ही ठिकाणी माणसाला जागा मिळायची ती त्याने अलीकडे कोणाला हरवले यावरून. मीही तीच कसोटी लावणार आहे.

कॉकेल लंडनच्या बॅटरसी भागातला. लोहाराचे काम करता करता मुष्टियुद्धाकडे आला. त्याची पहिली कारकीर्द लाइट हेवीवेट गटात, म्हणजे १७५ पौंडांच्या मर्यादेत झाली. ऑक्टोबर १९५० मध्ये मार्क हार्टला हरवून त्याने रिकामा असलेला ब्रिटिश किताब मिळवला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या आल्बेर इवेलला हरवून युरोपीय किताबही घेतला. मात्र याच काळात त्याचे तीन वाईट पराभव झाले, आणि त्याच्याविरुद्ध बोलणारे नेहमी तेच पुढे करतात. १९५० मध्ये लॉइड मार्शलने त्याला पहिल्याच फेरीत बाद केले. १९५१ च्या अखेरीस जिमी स्लेडने त्याला चौथ्या फेरीत थांबवले. १० जून १९५२ रोजी व्हाइट सिटी येथे रँडी टर्पिनने अकराव्या फेरीत त्याचा ब्रिटिश किताब काढून घेतला, आणि टर्पिन तर मुळात मिडलवेट, म्हणजे त्याहूनही हलक्या गटातला होता.

टर्पिनकडून झालेल्या पराभवानंतर कॉकेलने १७५ पौंडांचा नाद सोडला. शरीरातील ग्रंथींच्या विकारामुळे त्याचे वजन आवरत नव्हते, ही गोष्ट तेव्हाही लिहिली गेली होती. जो माणूस घाम गाळून, उपाशी राहून वजनाच्या काट्यावर कसाबसा बसत होता, तो ते बंधन सुटल्यावर वेगळाच मुष्टियोद्धा होऊ शकतो. मार्च १९५३ मध्ये नॉटिंगहॅम येथे त्याने टॉमी फारला सातव्या फेरीत थांबवले. हा तोच फार, ज्याने १९३७ मध्ये तेव्हाचा जगज्जेता जो लुईसला पंधराही फेऱ्या झुंजवले होते. अर्थात कॉकेलसमोर आला तेव्हा तो चाळिशीला टेकला होता, म्हणून या विजयाला मी फारसे वजन देत नाही. मे महिन्यात हॅरिंगे येथे जॉनी विल्यम्सला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून त्याने ब्रिटिश आणि ब्रिटिश साम्राज्याचा असे दोन्ही हेवीवेट किताब जिंकले. हा विजय भक्कम होता.

खरी कारकीर्द येथून सुरू होते. ऑगस्ट १९५३ मध्ये तो सिएटलला गेला आणि हॅरी मॅथ्यूजला त्याच्याच गावात, त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवून आला. निर्णय विभागून होता, म्हणजे निर्णय देणाऱ्यांचे एकमत नव्हते, पण परक्या मुलखात पाहुण्याच्या बाजूने विभागून निर्णय मिळणे म्हणजे काय, हे मुष्टियुद्ध पाहणाऱ्यांना सांगायला नको. ३० मार्च १९५४ रोजी लंडनमध्ये त्याने रोलंड ला स्टार्झाला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. ला स्टार्झाने अवघ्या सहा महिन्यांपूर्वी पोलो ग्राउंड्सवर मार्सियानोपुढे अकराव्या फेरीपर्यंत टिकाव धरला होता, आणि १९५० मध्ये तर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो मार्सियानोकडून इतक्या निसटत्या फरकाने हरला होता की आजही अनेक जण तो निर्णय उलटा लागायला हवा होता असे मानतात. त्यानंतर जून १९५४ मध्ये व्हाइट सिटी येथे मॅथ्यूज पुन्हा हरला, आणि जुलैअखेर सिएटलमध्ये तिसऱ्यांदा. या वेळी लढत पूर्ण अंतर जाण्याआधीच संपली.

टर्पिननंतर मार्सियानोसमोर उभा राहीपर्यंत कॉकेल एकदाही हरला नाही. ब्रिटिश किताब, साम्राज्य किताब, अमेरिकेतल्या दोन नामांकित मुष्टियोद्ध्यांवर मिळून चार विजय, त्यांपैकी दोन अमेरिकेच्या भूमीवर. ही कामगिरी वरच्या तिघांत बसण्याजोगी आहे असे माझे ठाम मत आहे.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. क्रमवारीतली जागा रास्त असणे वेगळे आणि जगज्जेतेपदाची संधी त्यालाच आधी मिळणे वेगळे. मे १९५५ मध्ये ही संधी न्यायाने क्यूबाच्या नीनो वाल्डेसची होती. वाल्डेसने ऑगस्ट १९५३ मध्ये मायामी बीच येथे माजी जगज्जेता एझर्ड चार्ल्सला हरवले होते आणि तरीही १९५४ मध्ये मार्सियानोसमोर दोन वेळा उभा राहिला तो चार्ल्सच. हा अन्याय मोठा होता आणि तो कॉकेलच्या लढतीने लांबला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण वाल्डेसवर अन्याय झाला म्हणून कॉकेलचे विजय खोटे ठरत नाहीत. जाणकारांनी आपली मते मांडावीत, ही विनंती.

डावखुरा

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपण दिलेले निकाल बरोबर आहेत; त्यांचे मोल मात्र आपण जास्त लावले आहे.

पहिली गोष्ट मॅथ्यूजची. एकाच माणसाला तीनदा हरवले म्हणून तीन विजय मोजणे योग्य नाही. पहिला विजय मोजावा, दुसरा त्याला दुजोरा म्हणून घ्यावा, तिसऱ्याने क्रमवारीत काहीही फरक पडू नये. शिवाय मॅथ्यूज हा मूळचा लाइट हेवीवेट. वर्षानुवर्षे न हरल्याचे त्याचे जे नाव होते, त्याची खरी परीक्षा २८ जुलै १९५२ रोजी यांकी स्टेडियमवर झाली, आणि मार्सियानोने त्याला दुसऱ्या फेरीतच झोपवले. कॉकेलने मॅथ्यूजला गाठले ते त्यानंतर वर्षभराने.

दुसरी गोष्ट ला स्टार्झाची. पोलो ग्राउंड्सवर त्या रात्री त्याच्या हातांची आणि दंडांची काय अवस्था झाली होती हे प्रसिद्ध आहे. मार्सियानोने त्याच्या बचावावरच इतके ठोसे मारले की त्याला हात वर धरणे अवघड झाले. त्या लढतीनंतरचा ला स्टार्झा हा आधीचा ला स्टार्झा नव्हता. कॉकेलकडून हरल्यावर तो चार्ली नॉर्कसकडूनही हरला. म्हणजे कॉकेलचे दोन मोठे बळी हे दोघेही मार्सियानोने आधी मोडून ठेवलेले होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तो कोणाशी लढला नाही ते पाहा. वाल्डेस नाही, चार्ल्स नाही, बॉब बेकर नाही, हरिकेन जॅक्सन नाही, बॉब सॅटरफील्ड नाही. त्या काळचे बहुतेक चांगले हेवीवेट कृष्णवर्णीय होते आणि हेवीवेट झाल्यावर मोठ्या नावांपैकी एकाशीही त्याची गाठ पडली नाही. पुढे सप्टेंबर १९५५ मध्ये वाल्डेस समोर आला तेव्हा तीन फेऱ्यांत निकाल लागला, आणि एप्रिल १९५६ मध्ये टोंगाच्या किटिओने लावेने त्याला दुसऱ्या फेरीत बाद केल्यावर त्याने हातमोजे कायमचे उतरवले. दुसऱ्या क्रमांकाचा आव्हानवीर वर्षभरात असा कोसळतो, याचा अर्थ तो क्रमांकच खरा नव्हता.

धागाकर्ता

डावखुरा, आपल्या प्रतिसादातील तिसऱ्या मुद्द्याला शेवटी येतो, कारण तो सर्वांत गंभीर आहे.

केझार स्टेडियमनंतरचे दोन पराभव मी या हिशेबात धरत नाही. क्रमवारी ही त्या दिवसापर्यंतच्या कामाची नोंद असते. आठ फेऱ्यांहून अधिक काळ मार्सियानोच्या हातचा मार खाल्लेला माणूस चार महिन्यांनी वाल्डेससमोर उभा राहतो तेव्हा तो मे महिन्यातला माणूस राहिलेला नसतो. ला स्टार्झाच्या बाबतीत आपण नेमका हाच युक्तिवाद केला आहे, तेव्हा तो कॉकेललाही लागू करावा लागेल.

मॅथ्यूजचे तीन विजय तीन म्हणून मोजू नयेत, हे मान्य. मीही त्यांना तिप्पट मोल देत नाही. परंतु एका प्रतिस्पर्ध्याशी दोन वेळा त्याच्या गावात जाऊन लढणे आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा स्पष्टपणे जिंकणे यातून विजय योगायोगाचा नव्हता एवढे तरी सिद्ध होते. पहिल्या वेळी विभागून निर्णय, दुसऱ्या वेळी गुणांवर निर्विवाद, तिसऱ्या वेळी मुदतीपूर्वी.

आता वर्णाचा मुद्दा. हेवीवेटच्या इतिहासात तो कधीच बाजूला ठेवता येत नाही. १९२० च्या दशकात हॅरी विल्स वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर असूनही त्याला तेव्हाचा जगज्जेता जॅक डेम्प्सीशी लढण्याची संधी मिळाली नाही. खुद्द ब्रिटनमध्ये १९४८ पर्यंत कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला ब्रिटिश किताबासाठी लढताच येत नव्हते. तो नियम गेल्यावर पहिला कृष्णवर्णीय विजेता झाला तो डिक टर्पिन, म्हणजे रँडीचाच थोरला भाऊ. तेव्हा व्यवस्था कशी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कॉकेलने व्यक्तिशः टाळाटाळ केली असे त्याच्या नोंदीवरून म्हणता येत नाही. मार्शल, स्लेड आणि टर्पिन हे त्याला हरवणारे तिघेही कृष्णवर्णीय होते आणि त्या लढती त्याने घेतल्याच होत्या. हेवीवेट झाल्यावर त्याच्या लढती ठरवल्या त्या त्याच्या व्यवस्थापकांनी आणि लंडनच्या आयोजकांनी, आणि त्यांना प्रेक्षक खेचणारी अमेरिकन नावे हवी होती. त्याबद्दल दोष द्यायचाच तर तो त्यांना द्यावा लागेल.

जुनी फीत

या लढतीचे चित्रीकरण उपलब्ध आहे आणि ते मी अनेकदा बारकाईने पाहिले आहे. क्रमवारीच्या चर्चेत त्याचा उपयोग मर्यादित आहे हे मान्य करूनही काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण कॉकेलबद्दलची बहुतेक मते त्याच्या शरीराकडे पाहून बनलेली असतात.

पडद्यावर प्रथम दिसतो तो रुंद कमरेचा, गोल खांद्यांचा, उघडपणे थुलथुलीत माणूस. वजन २०५ पौंड. समोर १८९ पौंडांचा मार्सियानो, ज्याच्या अंगावर एक छटाकही जास्तीचा नाही. पण घंटा वाजल्यावर पोटाकडे न पाहता पायांकडे आणि डाव्या हाताकडे पाहावे. कॉकेलचा डावा हात सरळ जातो, लवकर परत येतो, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत मार्सियानो आत शिरताना तो त्याच्या तोंडावर वारंवार लागतो. दोघे अंगाशी अंग लावून उभे असतानाही कॉकेल कोपर आत घेऊन आखूड ठोसे मारतो, तेथे तो गोंधळत नाही. लाइट हेवीवेट म्हणून शिकलेली कला त्या वाढलेल्या शरीरात शाबूत आहे, हे स्पष्ट दिसते.

मग मार्सियानोचे काम दिसू लागते. तो ठोसे दंडांवर मारतो, खांद्यावर मारतो, डोके पुढे घालतो. डोक्याची धडक, कमरेखालचा ठोसा, घंटेनंतरचा ठोसा, खाली गेलेल्या माणसावर ठोसा, हे सर्व त्या रात्री झाले आणि पंच फ्रँकी ब्राउन यांनी त्यासाठी त्याला रोखले नाही. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्यावर रान उठवले. मार्सियानो हेतुपुरस्सर असे करत होता असे मला वाटत नाही. तो हात थांबवू शकत नसे आणि अमेरिकेत त्याला कोणी तसे करायला भागही पाडत नसे. आठव्या फेरीच्या अखेरीस कॉकेल दोरांवरून अर्धा बाहेर झुकलेला दिसतो. तरीही नवव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठून येतो, दोनदा खाली जातो आणि दोनदा उठतो. त्यानंतर पंच मध्ये पडतात.

रिंगही लहान होती. ती सुमारे साडेसोळा फूट चौरस होती आणि त्यावरून लढतीच्या आधीच वाद झाला होता. वीस फुटी रिंगशी तुलना केली तर क्षेत्रफळ जवळजवळ एक तृतीयांशाने कमी भरते. मागे सरकत डाव्या हाताने खेळणाऱ्याला हे नुकसानीचे आणि पुढे घुसणाऱ्याला सोयीचे. कॅलिफोर्नियाच्या नियमांत ती बसत होती, म्हणून तक्रारीचा उपयोग झाला नाही.

माझे मत: मोठ्या रिंगेतही निकाल हाच लागला असता, पण हा माणूस कोणीतरी दयेने उभा केलेला नव्हता.

टेम्सकाठ

मी बरीच वर्षे लंडनमध्ये राहत असल्याने ब्रिटिश बाजूने एक गोष्ट जोडतो. बॉब फिट्झसिमन्सने १८९९ मध्ये जेफ्रीजकडून हार पत्करल्यापासून हेवीवेट किताब ब्रिटनकडे आलाच नव्हता. त्यामुळे अमेरिकन लेखकांनी ब्रिटिश हेवीवेट म्हणजे 'आडवे होणारे हेवीवेट' असा शिक्काच मारून टाकला होता, आणि १९४७ मध्ये अमेरिकेच्या जो बॅक्सीने ब्रिटनच्या ब्रूस वुडकॉकची जी दशा केली त्यानंतर तो शिक्का अधिकच पक्का झाला. कॉकेलला न्याय देताना हा पूर्वग्रह लक्षात घेतला पाहिजे. क्रमवारी बनवणारे अमेरिकेत बसलेले होते. ब्रिटिश माणसाला उगाच वर चढवण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. तो वर चढला तो अमेरिकनांना अमेरिकेत हरवून.

हॅरिंगेचा आखाडा आणि व्हाइट सिटीचे मैदान ही कॉकेलची दोन्ही घरे आता पाडली गेली आहेत, त्यामुळे येथेही नव्या पिढीला त्याचे नाव ठाऊक नाही, याचे वाईट वाटते.

डावखुरा

टेम्सकाठ, अमेरिकनांना कारण नव्हते असे म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या लढती जेम्स नॉरिस यांच्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या मुठीत होत्या. मार्सियानोचे व्यवस्थापक अल वाइल हे त्याच संस्थेत लढती जुळवण्याचे काम करून आलेले. जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा मुष्टियुद्धालाही लागू होतो असा निर्णय दिला, तो याच संस्थेवरील खटल्यात. चार्ल्सबरोबरच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक भयंकर फाटले होते. त्यानंतर पुनरागमनासाठी त्यांना असा प्रतिस्पर्धी हवा होता, ज्याचा ठोसा जड नाही, ज्याची उंची जास्त नाही आणि ज्याचे नाव मात्र यादीत आहे. सहा फूट तीन इंचांचा वाल्डेस त्यात बसत नव्हता. कॉकेल तंतोतंत बसत होता.

जुनी फीत

हे सर्व खरे आहे, परंतु यातून कॉकेलची निवड का झाली हे कळते. क्रमवारीत तो का होता, याचे उत्तर त्यात नाही. वाइल यांनी यादीतून सोयीचा माणूस उचलला. यादी वाइल यांनी लिहिलेली नव्हती.

तांबडी माती

मुष्टियुद्धातले मला फारसे कळत नाही, पण कुस्तीची मैदाने लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या मैदानांत एक नंबरची कुस्ती कोणाची लावायची हे आयोजक ठरवतात आणि त्यात गावाचा मान, बक्षिसाची रक्कम, गर्दी कोणामुळे होईल, असे सगळे येते. तरीही जाणत्या प्रेक्षकाच्या मनात पैलवानाची पायरी वेगळी ठरलेली असते, आणि ती त्याने कोणाकोणाला चितपट केले यावरूनच ठरते. धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा हाच आहे असे मी समजतो. तसे असेल तर एक प्रश्न विचारतो: कॉकेल दुसरा किंवा तिसरा नसेल, तर त्या जागी कोण होता? डावखुरा यांनी नावे सांगावीत म्हणजे तुलना करता येईल.

डावखुरा

प्रश्न योग्य आहे. माझी यादी अशी: वाल्डेस पहिला, आर्ची मूरला या गटात धरले तर तो त्याच्या बरोबरीने किंवा वर, मग चार्ल्स, बेकर, जॅक्सन आणि त्यांच्यानंतर कॉकेल. म्हणजे पाचवा किंवा सहावा. पहिल्या दहांत तो होता याबद्दल माझे दुमत नाही.

धागाकर्ता

तांबडी माती यांनी चर्चा योग्य जागी आणली, त्याबद्दल त्यांचे आभार. आता डावखुरा यांनी दिलेली नावे एकेक करून पाहू, आणि केवळ १९५४ व १९५५ चे पहिले चार महिने एवढ्याच काळात पाहू.

चार्ल्स हा या सर्वांत सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा, यात वादच नाही. जून १९५४ मध्ये मार्सियानोसमोर त्याने लढलेल्या पंधरा फेऱ्या या हेवीवेटच्या इतिहासातील मोलाच्या फेऱ्या आहेत. पण सप्टेंबरमध्ये तो आठव्या फेरीत बाद झाला आणि एप्रिल १९५५ मध्ये जॉन होल्मनने त्याला पुन्हा बाद केले. कारकिर्दीचे मोल करायचे असेल तर चार्ल्स कॉकेलच्या कितीतरी वर. मे १९५५ ची क्रमवारी लावायची असेल तर तो खाली.

जॅक्सनला जुलै १९५४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाल्डेसने दुसऱ्याच फेरीत संपवले. त्याच वर्षी तो जिमी स्लेडकडूनही हरला. कॉकेल स्लेडकडून हरला होता म्हणून त्याला कमी लेखायचे, तर तोच पराभव जॅक्सनच्या खात्यावर अधिक ताजा आहे आणि हेवीवेट म्हणून आहे. बेकर हा तंत्राने चांगला, हाताने जलद. त्याच्याबद्दल मला आदर आहे. परंतु मार्च १९५४ मध्ये मूरने त्याला नवव्या फेरीत थांबवले होते आणि त्या लढतीनंतर पुन्हा वर येण्यासाठी त्याला वेळ लागला. सॅटरफील्डचा ठोसा त्या पिढीतल्या सर्वांत जड ठोशांपैकी एक असेल, पण जानेवारी १९५४ मध्ये चार्ल्सने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवले होते.

म्हणजे ज्या दीड वर्षात हे चौघेही मोठे पराभव पत्करत होते, त्या काळात कॉकेल एकही लढत हरला नव्हता. त्याचे प्रतिस्पर्धी वाल्डेसच्या प्रतिस्पर्ध्यांइतके अवघड नव्हते, म्हणून वाल्डेस त्याच्या वर. बाकी कोणाला त्याच्या वर बसवायचे असेल तर नाव आणि प्रतिष्ठा पाहून बसवावे लागते, आणि मग आपण निकालांची कसोटी सोडून दिलेली असते.

मूरचा प्रश्न वेगळा आहे. तो डिसेंबर १९५२ पासून लाइट हेवीवेटचा जगज्जेता होता, म्हणून त्याची गणना बहुधा त्याच्या स्वतःच्या गटात होई. मार्सियानोशी लढत मिळावी म्हणून त्याने अमेरिकेतील क्रीडा संपादकांना पत्रांवर पत्रे लिहिली. २ मे १९५५ रोजी लास व्हेगास येथे त्याने वाल्डेसला पंधरा फेऱ्यांत हरवले. पंच होता माजी जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक आणि निर्णय त्या एकट्याचा होता. त्या दिवसापासून पहिला आव्हानवीर मूरच, हे मी निःशंकपणे म्हणतो. २१ सप्टेंबर रोजी यांकी स्टेडियमवर दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली बसवून त्याने ते सिद्धही केले. पण कॉकेलची लढत मूरच्या त्या विजयानंतर दोनच आठवड्यांनी ठरलेली होती, तिच्यासाठी तो खूप आधीपासून तयारी करत होता.

डावखुरा

आपण काळाची चौकट इतकी आखूड धरली की कॉकेलला त्यात जागा मिळणारच. मी क्रमवारीकडे थोडे अधिक लांबून पाहतो. चार्ल्ससारखा माणूस एका वर्षात दोन वेळा बाद झाला, तरी त्यातला एकदा मार्सियानोकडून झाला असेल तर मी त्याला एकदम खाली ढकलणार नाही. मात्र बेकर आणि जॅक्सनबद्दल आपण दिलेले निकाल पाहता त्या दोघांना कॉकेलच्या वर ठेवण्याचा आग्रह मी धरत नाही. त्यामुळे माझ्या यादीत तो मूर, वाल्डेस आणि चार्ल्स यांच्यानंतर चौथा येतो.

धागाकर्ता

म्हणजे आपल्यातील मतभेद आता एका जागेचा आणि एका माणसाचा उरला आहे. माझ्या यादीत मे १९५५ च्या मध्यावर मूर, वाल्डेस, कॉकेल, असा क्रम आहे. मूरला त्याच्या गटात ठेवले तर कॉकेल दुसरा. २ मेच्या आधी क्रमवारी बनवणाऱ्यांनी त्याला जेथे ठेवले होते, ती जागा याच्या जवळपासच येते.

वाल्डेसबद्दल एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे, कारण वर तिचा उल्लेख अर्धवट राहिला. मार्च १९५३ मध्ये सेंट लुईस येथे तो मूरकडून हरला होता, आणि चार्ल्सवरील विजयाने त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली. त्यानंतर लास व्हेगासपर्यंतच्या वीस-एकवीस महिन्यांत त्याला संधी न मिळण्याचे एकही कारण निकालांत सापडत नाही. जगज्जेतेपदाची लढत त्याला त्यानंतरही कधी मिळाली नाही. १३ सप्टेंबर १९५५ रोजी त्याने कॉकेलला व्हाइट सिटी येथे हरवले, त्यानंतर आठ दिवसांनी मार्सियानो आपली शेवटची लढत लढला आणि एप्रिल १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ विजयांसह निवृत्त झाला. वाल्डेसवर स्वतंत्र धागा निघाला तर त्यात सविस्तर लिहीन. डावखुरा यांनी तो काढावा, चार्ल्स-वाल्डेस लढतीबद्दल त्यांचे म्हणणे वाचायला मला आवडेल.